रानपिंगळ्याचें रान

मुंबईकरांच्या घरीं नळाला जें पाणी येतें, त्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यांतील भातसा व तानसा या जलाशयांतून येतो. पण त्या पाण्याभोवतीं जें रान उभें आहे, त्याची आठवण नळ सोडतांना क्वचितच कोणास होते. भातसानगरपासून फार दूर नसलेल्या तानसाच्या रानांत पक्षी पाहण्यासाठीं एक दिवस कसा घालवावा, हें आज सांगावयाचें आहे.

तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. भोवतालच्या सुमारें ३२० चौरस किलोमीटर रानास १९७० सालीं अभयारण्य ठरविण्यांत आलें. हें रान मुख्यतः साग, ऐन, पळस व बांबू यांचें. आंडीज पर्वतावरील मेघारण्यांत सदैव धुकें व हिरवी दाटी असते. तेथें पक्षी प्रथम कानानें शोधावा लागतो. तानसाचें रान मात्र पानें गाळणारें. माघ-फाल्गुनांत फांद्या उघड्या पडूं लागतात, आणि मग डोळ्यांनाही काम मिळतें.

उजाडण्यापूर्वींच रानाच्या तोंडाशीं पोंचावें आणि गांवचा माहितगार वाटाड्या सोबत घ्यावा. कोणत्या उंबरावर हरियाल उतरतात, कोणत्या वठलेल्या खोडांत ढोली आहे, हें त्यासच ठाऊक असतें. एक पाखरूं दिसलें म्हणजे लगेच पुढें चालूं लागूं नये. पुष्कळदां निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र हिंडतात. सुतार साल ठोकतो, बारीक पाखरें पानें चाळतात, आणि त्यामुळें उडालेले किडे कोतवाल वरच्या वर टिपतो. मोबदला म्हणून शिकरा दिसतांच ओरडून सर्वांस सावध करण्याचें कामही बहुधा तोच करतो. अनेक डोळे एकत्र असल्यानें प्रत्येकास खाण्याकडे अधिक लक्ष देतां येतें.

ऊन वर आलें म्हणजे उघड्या फांद्यांकडे विशेष लक्ष द्यावें. कारण या रानाचें खरें भूषण असलेला रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. आपल्या घराजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ बिनठिपक्यांचें, छाती गडद तपकिरी व पोट पांढरें असतें. सरडे, सापसुरळ्या, उंदीर हें त्याचें भक्ष्य, आणि जुन्या झाडाची ढोली हें त्याचें घर.

या पक्ष्याचा इतिहास विलक्षण आहे. ह्यूम यांनीं १८७३ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. १८८४ मध्यें खानदेशांत डेव्हिडसन यांस त्याचे नमुने मिळाले. त्यानंतर तो जणुं नाहींसाच झाला. पुढें माइनर्ट्‌झहॅगन नांवाच्या संग्राहकानें १९१४ सालीं गुजराथेंत मांडवी येथें आपणांस तो मिळाल्याचें सांगितलें. तो नमुना संग्रहालयांतून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच जुना पक्षी होता, असें पॅमेला रासमुसेन यांनीं बारकाईनें तपासून दाखविलें. खोटी नोंद बाजूस सारल्यावर शोध खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ, ११३ वर्षांनंतर, रानपिंगळा पुन्हां दिसला. २०१४ मध्यें तो तानसाच्या रानांतही आढळला. एका असत्य टिपणानें शोधणाऱ्यांस किती भलत्या दिशेस नेलें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

म्हणून वहींत टिपण करतांना तारीख, वेळ, जागा व झाड लिहावें. ओळख पटली नसेल तर पक्ष्याचें नांव लिहूं नये. ढोलीजवळ जाऊं नये. पक्ष्यास बाहेर काढण्यासाठीं त्याचा मुद्रित आवाज वाजवूं नये. परका नर आला असें समजून तो भक्ष्य व पिलें सोडून धांवत येतो.

वठलेलें झाड आपणांस निरुपयोगी वाटतें. पण तें सरपणासाठीं तुटलें किंवा वणव्यांत जळलें, तर रानपिंगळ्याची एक जागा कमी होते, आणि तशी ढोली पुन्हां तयार होण्यास अनेक वर्षें लागतात. येत्या हिवाळ्यांत मुलांस घेऊन आटगांव स्टेशनावर उतरावें आणि जें रान आपलें पाणी राखतें तें एकदां त्यांस दाखवावें, एवढीच विनंति.