मदतनिधीच्या रोपाची किंमत
सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५पासून लोकसहभागातून देशी झाडांची देवराई उभी राहिली. ही ओढ लक्षात घेऊन नाशिकमध्ये मदतनिधीसाठी रोपं विकताना कडुनिंब, बहावा, कढीपत्ता आवर्जून ठेवावेत. कडुनिंबाची बी फार दिवस टिकत नाही. पावसाच्या तोंडावर पिकल्या निंबोळ्या वेचाव्यात, गर धुऊन लगेच पिशवीत पेराव्यात.

भाव ठरवताना मेलेली रोपंही धरायची. समजा, १०० पिशव्या, माती, शेणखताला १,२०० रुपये लागले आणि ७५ रोपं जगली. मग रोप १६ रुपयांना पडलं. ४० रुपयांना विकलं, तर २४ निधीत जातात. श्रम दानाचे असले तरी कवडीमोलाने विकू नये. शेजारच्या नर्सरीवाल्याचं पोट याच धंद्यावर आहे.