सायनची दूधपेढी

पाटीवर लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालय असं लिहिलेलं असलं, तरी मुंबईत सगळे सायन हॉस्पिटलच म्हणतात. धारावीला लागून असलेलं हे महापालिकेचं रुग्णालय. गर्दी पाचवीला पुजलेली. इथल्या नवजात विभागात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली.

पेढीच्या मुळाशी यंत्र नव्हतं, टंचाई होती. बाळं फार, नर्स थोड्या. किलो-सव्वा किलोची, कमी दिवसांची बाळं काचेच्या पेटीत आणि आया दाराबाहेर, हीच तेव्हा सगळीकडची रीत. वरच्या दुधाबरोबर, बाटलीबरोबर जंतूही पोटात जात. फर्नांडिस यांनी आयांनाच आत घेतलं. हात स्वच्छ धुवायचे, बाळाचं पुसणं-पाजणं स्वतः करायचं, दूध काढून द्यायचं. पावडरचे डबे बंद. माझ्या मते मोठं पाऊल हे. पेढी त्याच्या मागोमाग आलीच असती. कारण डबा बंद केला, की जिला अजून पान्हा फुटलेला नाही, जी स्वतः अत्यवस्थ आहे किंवा जी वाचलीच नाही, तिच्या बाळाला पाजायचं काय?

हा प्रश्न नुसत्या भुकेचा नाही. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्याला सूज येऊन आतड्याचा भाग निकामी होण्याचा एक आजार असतो, त्यात बाळ हाती लागेलच असं नाही. पावडरच्या दुधावर हा धोका वाढतो, आईच्या दुधावर कमी राहतो. ते दुसऱ्या आईचं असलं तरीही.

पेढीचं काम स्वयंपाकघरातल्यासारखं, पण शिस्त प्रयोगशाळेची. देणाऱ्या बाईची एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस अशा रोगांसाठी तपासणी होते. तिच्या बाळाचं पोट भरून उरेल तेवढंच घ्यायचं. मग ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं, न कमी न जास्त, आणि लगेच गार करायचं. नमुन्यात जंतू वाढले तर ते दूध ओतून टाकायचं. चांगलं निघालं तर उणे २० अंशांवर गोठवायचं. जे बाळ अजून ओढू शकत नाही त्याच्या पोटात बारीक नळी असते. दट्ट्या काढलेली सिरिंज तिला जोडून वर धरायची, चमचाभर दूध आपल्या वजनाने सावकाश उतरतं. ढकलायचं नाही. दोन तासांनी पुन्हा तेच.

देणाऱ्या बहुतेक रुग्णालयातल्याच बाळंतिणी, हातावर पोट असलेल्या घरांतल्या. पैसे मिळत नाहीत. देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालून घेणाऱ्या आपल्या मुलखात यांची नावं कुठे लिहिलेली नसतात.

तापवताना दुधातली काही संरक्षक द्रव्यं नष्ट होतात. म्हणून पहिला मान आपल्याच आईच्या ताज्या दुधाला, पेढीचा नंबर त्यानंतर. २०१७च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही पेढीला स्तनपानाच्या समुपदेशनाची जोड दिली आहे. पाश्चरायझर आणि फ्रीझर टेंडर काढून येतात. सिझेरियनच्या दुखण्यात, बाळ दिसतही नसताना, थेंबभर चीक निघाला तरी धीर देत बाळंतिणीजवळ बसून राहणारी समुपदेशक बाई मात्र कंत्राटावर, वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर ठेवून भागत नाही. तिची कायमची जागा आधी मंजूर व्हावी, यंत्र नंतर.