सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधीसाठी प्रस्ताव : थोडक्यात

बावडा (ता. इंदापूर) येथील संस्थेने कंपनीकडे निधी मागण्यापूर्वी पाहायच्या बाबी :

• कायदा : कंपनी कायदा २०१३, कलम १३५. लागू १ एप्रिल २०१४ पासून.

• कोणाला बंधनकारक : मागील आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक, यांपैकी एक निकष पुरे.

• किती खर्च : मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के.

• कोणती कामे : याच कायद्याच्या अनुसूची ७ मधील, उदा. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी. फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठीचे काम यात धरले जात नाही.

• कुठे : कंपनीच्या परिसराला प्राधान्य. तालुक्यातील औद्योगिक वसाहत लोणी देवकर, शेजारी बारामती.

• संस्थेची कागदपत्रे : धर्मादाय नोंदणी (कार्यालय पुणे), आयकराची १२ए व ८०जी नोंदणी, तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीही.

• प्रस्तावात काय : गरज, उद्दिष्ट, लाभार्थी, वेळापत्रक, अंदाजपत्रक, मूल्यमापन, निधी संपल्यानंतरची तजवीज.

• फरक : बसवलेले जलशुद्धीकरण यंत्र हे ‘काम’, गावात कमी झालेले पोटाचे आजार हा ‘परिणाम’. प्रस्तावात दोन्ही स्वतंत्र लिहितात.

• सीएसआरखेरीज परदेशी देणगी घ्यायची असल्यास : परकीय देणगी नियमन कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक. या देणगीतून प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा २० टक्के.