लाल विंचवाचे विष

कोकणात थोराड काळा विंचू दिसला की माणूस दचकतो. पण त्याच्या डंखाचा त्रास बहुधा ठणक्यावरच थांबतो. जीव घेतो तो बोटभर लांबीचा लालसर विंचू. त्याचे पुढचे चिमटे नाजूक, शेपटी मात्र जाड. पेंढ्याच्या उडवीत, जळाऊ लाकडांत, दगडांच्या फटीत तो दडून असतो. भात कापताना किंवा अंधारात पायात चप्पल सरकवताना तो डंख मारतो.

हे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवते, त्यामुळे तंतू थांबायचे विसरतात. शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हृदयाला तो भार पेलेनासा झाला की फुप्फुसांत पाणी साठते. म्हणजे जीव जातो तो शरीराच्या स्वतःच्याच द्रव्यांच्या अतिरेकाने.

डंखाच्या जागी जखम अशी दिसतच नाही, सूजही फारशी नसते. ठणक्याने ओरडणारा मोठा माणूस बहुतेक वेळा वाचणारा असतो. काळजी करावी ती गप्प पडलेल्या मुलाची: उलट्या होतात, घामाने कपडे ओलेचिंब होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुढे धाप लागते, खोकला येतो आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. ठणका नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि मोलाचे तास तिथेच जातात.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या डंखावर नेमका उपचार नव्हता. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या, तर उच्च रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी उपयोगी पडेल, हे त्यांनी ताडले. 1986 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पूर्वी 100 गंभीर रुग्णांमागे 25 ते 30 दगावत. हे प्रमाण पुढे एक-दोनवर आले. तालुक्याच्या गावी, साध्या साधनांनिशी झालेले हे काम आहे, आणि त्याचे मोल त्यामुळे अधिकच वाटते.

विंचूदंशावरची प्रतिविषाची लसही आता मिळते. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बावस्कर दांपत्याचा 70 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या 35 पैकी 32 रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसत्या प्राझोसिनवर तेवढ्या वेळात 8. लस लवकर द्यावी लागते, कारण विष एकदा तंतूंना चिकटले की तिचा प्रभाव ओसरतो. गोळीचा उपयोग मात्र तेव्हाही होतो. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात.