टीम लीड झालात, मग कोड कोणी लिहायचा?

आपली बरीच मुले-मुली आता पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. पाच-सहा वर्षे झाली की एक दिवस मॅनेजर बोलावून सांगतो, "उद्यापासून ही टीम तू सांभाळ." घरात मिठाई वाटली जाते. खरी अडचण पुढच्या सोमवारपासून सुरू होते, कारण ज्या कामात हुशार म्हणून बढती मिळाली, तेच काम आता मुख्य राहत नाही.

काम अडले की हुशार इंजिनिअर काय करतो? स्वतः बसतो आणि रात्री जागून सोडवून टाकतो. लीड झाल्यावरही हेच चालू राहिले तर टीममधले नवखे शिकतच नाहीत आणि प्रत्येक गोष्ट याच्याच टेबलावर येऊन थांबते. फळ्यावर सरांनी गणित सोडवले की सगळा वर्ग माना डोलावतो. कोणाला किती आले ते वहीत कळते.

मग लीड-मॅनेजर हवेतच कशाला? गुगलला हा प्रश्न खरोखर पडला होता. २००२ मध्ये त्यांनी इंजिनिअरिंग मॅनेजरची पदेच काढून टाकली. प्रयोग जेमतेम काही महिने टिकला. लोक खर्चाची बिले आणि आपसातली भांडणे घेऊन थेट लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले! पुढे कंपनीने चांगल्या मॅनेजरमध्ये नेमके काय असते याचा अभ्यास केला. त्याचे नाव 'प्रोजेक्ट ऑक्सिजन'. त्यातून आठ गुण निघाले. पहिला, माणूस चांगले शिकवणारा हवा. दुसरा, टीमवर भरवसा टाकावा, बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसू नये. तांत्रिक ज्ञान आठवे, म्हणजे शेवटचे. ते नको असा याचा अर्थ नाही. ते नसेल तर टीम सल्ला विचारायलाच येणार नाही.

दुसरी परीक्षा तारखेची. काम मागे पडले की वरून फर्मान येते, "अजून चार माणसे घ्या." आयबीएममध्ये मोठा प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो. हिशोब सोपा आहे. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १०, दहा जणांत ४५. शिवाय नव्यांना समजावायला जुन्यांचाच वेळ जातो. हे वरच्यांना अदबीने पण स्पष्ट सांगणे लीडचेच काम. माझ्या मते सगळ्यात जास्त हिंमत इथेच लागते.

आणि जिभेचे काय? दुसऱ्याचा कोड तपासताना "हे काय लिहिलंय?" म्हणण्यापेक्षा "इथे रिकामी यादी आली तर काय होईल?" असे विचारले की समोरचा विचार करू लागतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स कडक ईमेलसाठी प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. सर्व्हर बंद पडला तेव्हाही "कोणी केलं?" आधी विचारले तर पुढच्या वेळी लोक चूक लपवतील. "हे होऊ कसं शकलं?" असे विचारले तर खरे कारण सापडते.

हे सगळे नकोच वाटत असेल तरी बिघडत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत स्टाफ इंजिनिअर, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी वेगळी शिडी असते. माणसे न सांभाळताही पद आणि पगार वाढतो. होकार देण्याआधी आपल्या कंपनीत ती आहे का, एवढे एचआरला विचारून घ्या.