चरित्रकार काशीबाई : आष्टा ते हॉवर्थ

सांगलीहून इस्लामपूरकडे जाताना वाटेत आष्टा लागते. वाळवा तालुक्यातला हा सगळा उसाचा पट्टा. मराठीतल्या पहिल्या महत्त्वाच्या लेखिकेचे हे जन्मगाव. काशीबाई कानिटकर, माहेरच्या बापट, १८६१ साली इथे जन्मल्या आणि १९४८ मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत आष्टा सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा वेगळा झाला तो पुढच्या वर्षी.

काशीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. शाळा त्यांनी पाहिलीच नव्हती. नवरा गोविंदराव कानिटकर शिकलेले, कवी, पुढे इंग्रज विचारवंत मिलचा स्त्रियांच्या परवशतेवरचा ग्रंथ मराठीत आणणारे. बायको अशिक्षित असल्याची त्यांची खंत कानावर आली आणि काशीबाईंनी अक्षरे गिरवायला घेतली. मराठीनंतर संस्कृत, मग इंग्रजी. सरोजिनी वैद्य यांनी १९७९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र संपादित करून, जोडीला चरित्र लिहून प्रसिद्ध केले. ते वाचताना या शिक्षणामागची जिद्द समजते.

इंग्रजी लेखिकांच्या शेजारी काशीबाईंना बसवायचे म्हटले की आधी जेन ऑस्टिन आठवते. दोघींच्याही लेखनात घर, नातीगोती, माजघरातली बोलणी आहेत. पण ही तुलना फार लांब जात नाही. १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची सगळी गंमत नायिकेला मागणी नाकारता येते यावर उभी आहे. आपल्याकडे नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या मुलीला कोण विचारणार होते? ऑस्टिनची गोष्ट जिथे संपते तिथून मराठी बाईची सुरू होते. ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिताना काशीबाईंसमोर ही अडचण होती आणि हाताशी आयता नमुना नव्हता. त्या काळी मराठीत गाजत होता तो इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्स. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ही त्याच्याच आधाराने उभी राहिली.

माझ्या मते काशीबाईंची खरी जोड लागते ती एलिझाबेथ गॅस्केलशी. प्रभावाचा प्रश्न इथे नाही. दोघींपुढचे काम एकच होते. हॉवर्थची कादंबरीकार शार्लट ब्राँटी १८५५ मध्ये वारली, आणि तिच्या वडिलांच्या विनंतीवरून गॅस्केलने १८५७ मध्ये तिचे चरित्र लिहिले. अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वय अवघे एकवीस. बॉस्टनच्या कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र काढले. पाठोपाठ १८८९ मध्ये काशीबाईंचे मराठी चरित्र आले, पत्रांसह. दोन्हीकडे अकाली गेलेली कर्तबगार बाई, दोन्हीकडे लिहिणारी कादंबरीकार, आणि दोन्हीकडे मुख्य आधार पत्रांचा.

पत्र हाती आले की चरित्रकाराची परीक्षा असते. शार्लटचे ब्रसेल्सच्या एजे या विवाहित शिक्षकावर मन जडले होते. गॅस्केलला ते कळले होते, तरी तिने ते झाकून ठेवले. शार्लटची एजेला लिहिलेली पत्रे पुढे १९१३ मध्ये ‘टाइम्स’मध्ये छापून आली. गॅस्केलने शार्लटच्या भावाबद्दल लिहिले त्यावर मात्र अब्रुनुकसानीची धमकी आली, शिल्लक प्रती मागे घ्याव्या लागल्या आणि १८५७ मध्येच सुधारलेली तिसरी आवृत्ती काढावी लागली. गॅस्केलला मैत्रिणीची प्रतिमा सांभाळायची होती. मी तिला दोष देणार नाही.

काशीबाईंनी काय केले? बायकोला शिकवून अमेरिकेला पाठवणारे आनंदीबाईंचे पती गोपाळराव तेव्हा सुधारकांच्या कौतुकाचा विषय होते, आणि हयात होते. त्याच गोपाळरावांना आनंदीबाईंनी एका पत्रात जुन्या दिवसांची आठवण दिली आहे : दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकणे आणि टाकून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. लहानपणी बायकोला प्रतिकार करता येत नाही, हेही त्या तिथेच सांगतात. हे पत्र आपल्यापर्यंत पोचले ते काशीबाईंच्या चरित्रामुळे. आजवर या चरित्राचे कौतुक झाले ते बाईने लिहिलेले बाईचे चरित्र म्हणून. मला त्यातले धाडस याहून मोठे वाटते. नवऱ्याच्या इच्छेखातर शिकायला बसलेल्या एका बाईने, नवऱ्याच्या इच्छेखातर शिकलेल्या दुसऱ्या बाईचे दुखणे ओळखले, आणि उपकाराच्या गोष्टीत ते बुडू दिले नाही. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मधली, म्हणजे जवळपास ऐंशी वर्षांनंतरची.

पुढे काशीबाई थिऑसॉफीकडे वळल्या. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ मध्ये आली. तिच्यात मंदबुद्धी संस्थानिकाच्या गळ्यात बांधलेली रेवती राज्याची सूत्रे हाती घेते आणि बायकांच्या शिक्षणाची, नोकऱ्यांची व्यवस्था लावते. तिच्या आयुष्यातही लग्न आधी येते आणि कर्तृत्व नंतर. नायिकेला मागणी नाकारू देणे या लेखिकेला शक्य नव्हते. तिने नायिकेच्या हाती राज्यच देऊन टाकले.