तलफ आली? फोन उचला!

शुक्रवारची रात्र. ऑफिस सुटलं, गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली आणि फोन वाजला... ‘माल आलाय, येतोस?’ नशा सोडून तीन महिने झालेल्यासाठी सगळ्यात कठीण क्षण हाच. त्यात या किनाऱ्याला ‘माल’ नवा नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं चक्क वाहत आली होती!

पण बॉस, ज्या फोनवर माल मिळतो, त्याच फोनवर मदतही मिळते. अमेरिकेत दारू सोडणाऱ्यांसाठी ‘ए-चेस’ नावाचं अ‍ॅप निघालं. नेहमीच्या बारजवळ पोचलात की ते सावध करतं. जीव कासावीस झाला, तर मदतीसाठी एक बटण दाबायचं. ३४९ जणांवरच्या अभ्यासाचा निकाल २०१४ साली आला : अ‍ॅपवाल्यांचे महिन्यातले बेसुमार पिण्याचे दिवस सरासरी १.३९, बाकीच्यांचे २.७५.

आपल्याकडे? १४४४६ ही व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन. मन सैरभैर झालं, तर टेलिमानसचा १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

अर्थात, अ‍ॅप म्हणजे उपचार नव्हे. त्यासाठी डॉक्टर हवेत, १९८६पासून काम करणारं पुण्याचं ‘मुक्तांगण’ आहे. खरी परीक्षा मात्र तिथून घरी परतल्यावर सुरू होते.

म्हणून आज एवढंच करा. ‘त्या’ मित्राचा नंबर उडवा, १४४४६ सेव्ह करा आणि रात्री दोनलाही फोन उचलेल असा एक माणूस ठरवून ठेवा. तलफ लाटेसारखी असते. चढते, तशी ओसरतेही. तेवढा वेळ कुणीतरी बोलत राहायला हवं, बस्स!